भिंतीची बाहेरची बाजू

अण्णा, मागच्या महिन्यात आम्ही मोठी गाडी घेतली. तुमच्या वेळी गावात एकच जीप होती आणि तिच्यात माणसं बाहेर लटकत बसायची, म्हणून सांगते, ही तशी नाही. ही घरची, बंद काचांची, उंच. तिच्यात बसावं लागत नाही, चढावं लागतं. पुढचं नाक माझ्या छातीपर्यंत येतं. चालवायला बसलं की रस्ता लांबवर दिसतो आणि जवळचा दिसत नाही. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता मोठी आहे. त्यामुळे हे मुलीनं वडिलांना विचारल्यासारखं लिहिता येत नाही. तरीही लिहिते आहे, कारण तुम्ही बांधलेल्या भिंतीबद्दल तुम्हाला न कळलेलं एक राहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय गाडीचं सांगता येत नाही.

मृग निघायच्या आधीचे ते दिवस. तुम्ही माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर उभे आहात, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. खालून मी आणि आई टोपल्या वर देतो. पांढरीच्या, जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून खणून आणलेली माती. तुम्ही ती पसरता, पाणी मारता, चोपण्यानं चोपता. दर वर्षी एक थर. पाऊस आत येऊ नये म्हणून. मागच्या वर्षीचा थर भेगाळलेला असतो, त्याच्यावर हा. त्याच्याखाली त्याच्या आधीचा. तुमच्या वडिलांनी टाकलेली माती तळाशी असणार. आई टोपली उचलताना म्हणते, "अजून किती टाकताव? लेकराच्या डोक्यावर शेत करताव का?" तुम्ही वरून म्हणता, "शेतच करतो. घरात बसून पेरता येईल तुला." मग मी विचारते, जुनी माती काढून नवी का टाकत नाही. तुम्ही हसत नाही. तुम्ही म्हणता, "काढली की घर गळतं. माती टाकायची असती, काढायची नसती." एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. त्या रात्री पाऊस झाला आणि एक थेंबही आत आला नाही, आणि तुम्ही अंथरुणावर पडून वर बघत होतात, ते समाधान मला अजून दिसतं. आतल्या माणसांवर पाणी पडू नये एवढीच तुमची इच्छा होती. दुसरं काही नव्हतं.

मग बोळाकडची भिंत पोटात फुगली. दोन हात रुंद भिंत, देवळीत मी मांडी घालून बसायची इतकी रुंद, तीही फुगली. वरचं ओझं तिला सोसेना. तुम्ही दोन दिवस तिच्याकडे बघत फिरलात. मग वरची माती कमी केली नाहीत, बाहेरून दगडांचा आणखी एक पडदा चढवलात. भिंत अडीच हातांची झाली आणि बोळ तेवढा अरुंद झाला. बोळाच्या पलीकडे ती राहायची जिला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिचा नवरा, ज्याला आम्ही चाचा म्हणायचो, गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. त्यांचं घर म्हणजे तुराट्यांचा कूड, वर गवत, एका बाजूला दोन पत्रे. खाला घागर डोक्यावर घेऊन आली, भिंतीला खांदा घासला, थांबली आणि म्हणाली, "क्या भाई, किल्ला बांधून राहिले क्या? निजाम परत येणार है क्या?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या घराला पण सावली झाली की." ती म्हणाली, "सावली झाली, रस्ता गेला. आता घागर आडवी न्यायची मी?" सगळे हसले. तीही हसली. ती तेव्हापासून तिरकी होऊन जायला लागली. वाद नव्हता, अण्णा. तो बोळ कोणाच्याच नावावर नव्हता.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला, बारावीच्या वसतिगृहात. गावात पोचले तेव्हा दुपार होती आणि गाव ओळखू येत नव्हतं. आई गोठ्याच्या जागी बसली होती. गाय व्यायला झालेली, म्हणून ती गोठ्यात निजली होती आणि गोठ्यावर फक्त कडबा होता. तिनं जसं पाहिलं तसं सांगितलं. पहिल्या हादऱ्याला बाहेरचा पडदा सुटला, तुम्ही चढवलेला, आणि तो सरळ पलीकडे गेला, खालाच्या कुडावर. मग तुम्ही दार उघडून बोळात आलात. "तुझा बाप वाचला होता ग," आई म्हणाली, "भायेर आला होता." तुम्ही बहुतेक खालाचा आवाज ऐकून तिकडं वळलात. मग माळवद उरलेल्या भिंतीसकट आलं. चाचा पलीकडच्या गावाला गाद्या भरायला गेला होता, तो सकाळी परतला होता. मी पोचले तेव्हा तो पहारीनं दगड उचलत होता आणि तुम्हाला काढून बाजूला, त्याच्याच धडुत्यावर ठेवलेलं होतं. तुम्ही वर होतात म्हणून आधी तुम्हाला काढलं. मी विचारलं, खाला कुठं आहे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "है ना. नीचेच है. रुक जरा." आणि पुन्हा पहार घातली.

हे तुम्हाला कळलं नसणार. तिच्या घरात तिला मारू शकेल असं काहीच नव्हतं. गवत पडलं असतं तर ती झटकून उठली असती. गावातले कुडाचे लोक बहुतेक वाचले, आणि चिरेबंदी घरांचे, माळवदांचे गेले. ती गेली ती आपल्या भिंतीनं. चाचानं हे कधी म्हटलं नाही. आईनंही नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसानं खालाला तिच्या घरात मृत धरलं, आणि ते खोटंही नव्हतं. मी पुढे मराठी शिकले, शिकवू लागले, दुसऱ्यांच्या वाक्यांत कर्ता आणि कर्म कुठं आहे ते आयुष्यभर दाखवत आले, आणि हे एक वाक्य मी कोणाजवळ पुरं केलं नाही.

त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. उन्हाळ्यात भाजायचं, पावसात बोललेलं ऐकू यायचं नाही, पण झोप लागायची, कारण वर वजन नव्हतं. पुढे सरकारी घर मिळालं, सिमेंटचं. आई शेवटपर्यंत त्याच्या अंगणात झोपली. मी लातूरला आले, नोकरी, लग्न, तिसऱ्या मजल्यावरचं घर. अजूनही मी पलंग दाराजवळ ठेवते. वर्गात दाराकडं तोंड करून उभी राहते. नवऱ्याला माहीत आहे, तो चेष्टा करत नाही. छप्पर म्हटलं की माझ्या मानेत काहीतरी घट्ट होतं, ते कुठल्याच घरात गेलं नाही.

लातूर आता तुम्हाला ओळखू येणार नाही. आमच्या वेळी चार कॉलेजं होती आणि पोरं घोकंपट्टीला यायची. आता गल्लीच्या गल्ली क्लासेसची आहे. दहावी झाली की नांदेडहून, बीडहून, परभणीहून पोरं येतात, खोलीत तिघं-चौघं राहतात, मेसला जेवतात, डॉक्टर व्हायचं म्हणून. तशीच नांदेडलाही गल्ली आहे. तुमची नात लातूरच्या क्लासला जाते. संध्याकाळी क्लास सुटला की त्या अरुंद रस्त्यावर हजारभर पोरं एकदम बाहेर येतात, सायकली, स्कुट्या, पायी, आणि त्याच वेळी त्यांना न्यायला गाड्या येतात. पहिल्यांदा आल्या त्या लहान होत्या. मग कोणीतरी मोठी आणली. मग तिच्यासमोर लहान गाडीत बसलेल्यांना खुजं वाटायला लागलं, भीतीही वाटायला लागली, मग त्यांनीही मोठी घेतली. दर वर्षी थोडी उंच, थोडी जड. मुलीला न्यायला गेले की मी आमच्या लहान गाडीत बसून हे बघायची आणि मला तुम्ही माळवदावर दिसायचात. नवरा म्हणायचा, आपणही घेऊ. मी म्हणायची, नको. आपली लहान पुरते. मला त्या नाही म्हणण्याचा अभिमान होता.

तुमच्या नातीच्या वर्गात देगलूरची एक मुलगी होती. आमच्या घराजवळ खोली घेऊन राहायची, रविवारी जेवायला यायची. सडपातळ, लांब वेणी, बोलताना थांबायची नाही. ताटात वरण घेतलं की म्हणायची, "काकू, तुमचं लातूरचं वरण म्हणजे पिवळं पाणी हाय. आमच्याकडं चिंच घालून पप्पू करतात." पप्पू म्हटलं की आमची मुलगी लोळून हसायची. ती शांतपणे म्हणायची, "हास. तू घोकून राहिली, समजून नाही राहिली. निकाल लागल्यावर मी हासते." तिला सायकल होती, वडिलांनी देगलूरहून एसटीच्या टपावर टाकून आणलेली. ती सायकल तिच्या उंचीला जरा मोठी होती. थांबताना तिला एका बाजूला कलावं लागायचं.

क्लास सुटल्यावर झालं ते. अंधारही नव्हता. एक मोठी गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, मुलगा आत बसला, वडिलांनी गाडी चालू केली आणि पुढे घेतली. देगलूरची ती मुलगी सायकल घेऊन गाडीच्या नाकासमोर थांबली होती, कललेली. कोणाला तरी वाट देत होती. त्यांना दिसली नाही. हे खोटं नाही, अण्णा. मी नंतर तशा गाडीत बसून पाहिलं, समोर उभं असलेलं कमरेएवढं मूल दिसत नाही, कललेली मुलगी कुठून दिसणार. त्या माणसाला धक्काही कळला नाही. लोक ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला आणि मग घाबरून गाडी मागे घेतली. माणूस वाईट नव्हता. मी पोचले तेव्हा ते रस्त्यात बसले होते, तिचं दप्तर मांडीवर घेऊन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "मला दिसलीच नाही हो. दिसलीच नाही." आमची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बुटावर चिखलासारखं काही होतं. मी ते माझ्या ओढणीनं पुसलं.

तिचे वडील देगलूरहून आले. बुटके, पांढरा सदरा, पायात चपला. खोलीतलं सामान त्यांनी एका चादरीत बांधलं. सायकल नेणार का, असं घरमालकानं विचारलं. ते बराच वेळ सायकलीकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "बाई, मीच म्हणलो होतो, मोठी घे, दोन वर्षं चालंल, उंची वाढंल." मला तेव्हा चाचा आठवला आणि मी आत जाऊन पाणी आणलं.

नंतर क्लासच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. मी उभी राहिले. म्हणाले, सुटायच्या वेळी गाड्या मुख्य रस्त्यावरच थांबवू, आत आणायच्याच नाहीत, पोरं तेवढं चालत येतील. मला वाटलं होतं, आता सगळे हो म्हणतील. अर्धापूरचे एक केळीवाले पालक हसून म्हणाले, "मॅडम, मी दर शनिवारी केळीची तोडणी टाकून पोराला न्यायला येतो. मेन रोडला गाडी लावली तर पोलीस उचलून नेतो. मग पोरगा आन् मी, दोघंबी चालत अर्धापूरला जाताव का?" हॉल हसला. एक बाई म्हणाल्या, माझी मुलगी चालत येईल, पण बाकीच्यांच्या गाड्या आत आल्याच तर? कोणाचा भरवसा? कोणी म्हणालं, लहान गाड्यांना आत येऊ द्या, मोठ्यांना नको. त्यावर मागून आवाज आला, "म्हणजे मोठ्या गाडीवाल्याचं लेकरू लेकरू न्हाई का?" कोणी चुकीचं बोलत नव्हतं. प्रत्येकाला आपल्या पोराचंच दिसत होतं, मलाही. शेवटी ठरलं की दोन वॉचमन ठेवायचे, शिट्टी देऊन. खाली उतरताना त्या बाई माझ्या शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, पुढच्या आठवड्यापासून मीबी मोठीच आणणार. लेकराला सायकलवर नाही सोडवत आता. दुसरं काय करताव?"

तसंच झालं. त्या रस्त्यावर सायकली कमी झाल्या आणि मोठ्या गाड्या वाढल्या. ज्या घरांतून पोरं चालत यायची ती आता गाडीतून यायला लागली. ज्यांना गाडी नव्हती ती उरली. वॉचमन शिट्टी वाजवायचे आणि काचा बंद असायच्या. ज्यांच्या हातून झालं त्यांनी ती गाडी विकली. थोड्या दिवसांनी दुसरी घेतली, तिची उंची तीच. मुलाला आणायला तर हवंच.

आणि एका संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, आपण घेऊ. ते जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "तूच नको म्हणत होतीस ना? सभेत भाषण करून आलीस." मी म्हणाले, हो. "मग?" मी म्हणाले, मुलीला आत बसवायचं आहे. नांदेडला एक गाडी लगेच मिळत होती, आम्ही ती आणायला गेलो. गाडीला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. पेढे वाटणारा मुलगा म्हणाला, "ताई, आता काळजी सोडा. समोरून काहीबी आलं तरी तुम्हाला काय होत नाही." त्यानं ते आशीर्वादासारखं म्हटलं.

परतताना मीच चालवली. लोह्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो. समोरून एक मोटारसायकल येत होती, पुढे टाकीवर लहान मूल, मागे बाई. लहान गाडी असताना मी अशा वेळी डावीकडं सरकायची, तेही सरकायचे, दोघं मिळून वाट करायचो. या वेळी मी सरकण्याआधीच ते डांबर सोडून खडीवर गेले. माझ्याकडे न बघताच. त्यांना सवय होती. नवरा म्हणाला, "बघ, किती सुरक्षित वाटतं." मी आरशात बघितलं, मोटारसायकल खडीवर थांबलेली होती आणि बाई मुलाचा डोक्याचा रुमाल नीट करत होती. अहमदपूर येईपर्यंत मला डोळ्यांपुढे तेवढंच दिसत होतं, पण वेग कमी केला नाही.

अण्णा, मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. जमीन हलते हे तुमच्या बापजाद्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि ती हलली तेव्हा वजनातला निम्मा वाटा तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलात. मला माहीत आहे. मी ते दगड उचलले जाताना पाहिलेत, मला भिंतीची बाहेरची बाजू माहीत आहे, ती कुठं पडते तेही माहीत आहे. आणि माझी भिंत माझ्यावर पडणारच नाही, तशी ती केलेलीच आहे. ती फक्त बाहेरच पडेल. हे सगळं कळून मी पुढच्या सीटवर चढते. कळण्याचा काही उपयोग होतो असं मी वर्गात सांगत आले. तसं दिसत नाही.

परवा क्लासच्या रस्त्यावर गाडी वळवत होते. मुलगी मागे बसली होती, मांडीवर नोट्स. तिनं मान वर न करता विचारलं, "आई, तुला पुढचं खालचं दिसतं का ग?" मी म्हणाले, दिसतं. तिनं नोट्सचं पान उलटलं. मग म्हणाली, "तिला आपण पेपर झाल्यावर देगलूरला सोडायला जाणार होतो ना." मी हो म्हणाले. समोर गर्दी होती, काही दिसत नव्हतं, मी हॉर्न दिला आणि माणसं बाजूला झाली.

हे पत्र मी कपाटात किंवा कुठल्या वहीत ठेवणार नाही, मुलीच्या हाती लागायला नको. फाडेन बहुतेक. तिची सुटायची वेळ होत आली आहे, मला गाडी काढायला हवी. एक तेवढं लिहायचं राहिलं. त्या गाडीत बसून दार लावून घेतलं की माझी मान सैल होते. वर छप्पर असतं आणि मला त्याची भीती वाटत नाही. तुम्ही गेल्यापासून अशी ही पहिलीच जागा.